शून्याच्या गावात डावखुरा

झेलम एक्स्प्रेसने पुण्याहून निघून चोवीस तासांनी ग्वाल्हेरला उतरलो, तेव्हा संध्याकाळचं धुकं रुळांवर येऊन बसलं होतं. पुण्यात मिरवलेलं माझं जाकीट पहिल्या पाच मिनिटांतच निकामी ठरलं. भाचा मात्र अर्ध्या बाह्यांच्या शर्टात खुशाल उभा. तो सिअ‍ॅटलचा. वय सोळा, उंची माझ्यापेक्षा वीतभर जास्त, मराठी समजतं सगळं, बोलतो तेव्हा क्रियापदं शोधत बोलतो. त्याच्या पाठपिशवीत बेसबॉलचा एक जाड, तेल पाजलेला कातडी हातमोजा होता, उजव्या हाताचा. म्हणजे चेंडू डाव्या हातात.

रिक्षात बसलो आणि माझे डोळे विस्फारायला सुरुवात झाली. शिंदे की छावनी. फालके बाजार. चिटणीस की गोठ. पाट्या देवनागरीत, माणसं हिंदीत भांडताहेत आणि आडनावं आपल्या गल्लीतली. दौलतराव शिंद्यांनी 1810 साली इथे तळ दिला, तो तळ परत उठलाच नाही, त्याचंच लष्कर नावाचं शहर झालं. हे शाळेत वाचलं होतं. पण ‘छावणी’ अजून ‘छावनी’ म्हणून रिक्षावाल्याच्या तोंडात आहे, हे ऐकायला इथवर यावं लागतं. भाच्याने विचारलं, “मामा, आपण अजून महाराष्ट्रातच आहोत का?” मी म्हटलं, “नाही रे. महाराष्ट्र इथे आला होता.”

उतरलो ते बायकोच्या मामांकडे. मी त्यांना मामासाहेब म्हणतो. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत ‘साहेब’ लावल्याशिवाय नातं पुरं होत नाही. वय चौऱ्याऐंशी, जन्म लष्करातला, नोकरी बिर्लानगरच्या जे. सी. मिलमध्ये झाली, मिल बंद पडली त्यालाही जमाना लोटला. गळ्यात मफलर, समोर गजक. “आधी चहा पिऊन घ्या, मग बोलून घेऊ,” म्हणाले. ग्वाल्हेरी मराठीचं हे ‘घेणं’ माझ्या कानाला फार गोड लागतं. प्रत्येक क्रिया इथे आपल्या पदरात पाडून घेतात.

चहा घेता घेता भाच्याचं दुखणं बाहेर आलं. शाळेच्या संघात तो पिचर आहे, पण चेंडूला वेग नाही. तिकडे प्रशिक्षक रडार गन घेऊनच उभे असतात. त्याच्या वयाची चांगली पोरं ताशी पंच्याऐंशी मैलांनी चेंडू फेकतात. याचा काटा बहात्तरच्या पुढे सरकत नाही. त्यामुळे संघात हा हरकाम्या. सुरुवातीचा पिचर आजारी पडला की हा, मधल्या डावांत कुणाला मार बसला की हा, सामना हातचा गेला की उरलेली पाटी टाकायलाही हाच. “मी स्लो आहे,” असं त्याने मामासाहेबांना सांगितलं, जसं कुणी आपला रक्तगट सांगावा.

“डावखुरा आहेस?” मामासाहेबांनी विचारलं.

“हो, आजोबा.”

“मग स्लो आहे हे तर चांगलंच आहे.” आणि ते गजक खायला लागले. खुलासा केला नाही.

दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर गेलो. मानसिंहाच्या महालाच्या निळ्या फरशा आणि पिवळी बदकं पाहून भाचा गप्प झाला, एवढं पुरे. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर लिहिणाऱ्यांची कमी नाही. मला सांगायचं आहे ते त्याच डोंगराच्या चढावरच्या एका लहानशा देवळाबद्दल. चतुर्भुज मंदिर. एका खडकात कोरलेलं, इतकं लहान की पुढे चालत राहिलात तर सुटून जाईल. आत भिंतीवर संवत 933 चा, म्हणजे इसवी सन 876 चा शिलालेख आहे. मजकूर एकदम व्यवहारी: देवासाठी 187 हात रुंद आणि 270 हात लांब फुलबाग दिली, आणि त्या बागेतून रोज 50 माळा देवाला मिळाव्यात. आता हा ‘270’ आणि हा ‘50’ पाहा. दोन्हींतलं शून्य अगदी आपल्यासारखं गोल, शेजारच्या आकड्यांपेक्षा जरा बारीक. शून्याच्या जगातल्या फार जुन्या कोरीव खुणांपैकी ही एक. जगभरचे गणिती हे शून्य बघायला येतात. आम्ही पाहिलं तेव्हा तिथे आम्ही दोघे आणि एक मांजर.

भाचा त्या टिकलीएवढ्या गोलाकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “आमच्या स्कोअरबोर्डवर हेच असतं.” मला कळेना. त्याने समजावलं. बेसबॉलमध्ये नऊ डाव, फलकावर दर डावाखाली त्या डावातल्या धावा. पिचरचं काम एकच: आपल्या नावाखाली एकामागून एक शून्यं लिहून घ्यायची. विजय मिळवणं त्याच्या एकट्याच्या हातात नसतं. शून्य असतं.

हा खेळ मी आयुष्यात धड पाहिलेला नाही. जो पाहिला तो सिनेमात. तेव्हा उतरताना पायऱ्यांवर बसून मी त्याच्याकडून शिकवणी घेतली. पिचर मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो, साडेसाठ फुटांवर फलंदाज, त्याच्यामागे उकिडवा बसलेला कॅचर. चेंडू टप्पा खात नाही, हवेतून थेट येतो, हात हवा तसा वाकवता येतो. आपल्याकडचा पंच ज्याला पहिल्याच चेंडूला ‘फेकी’ म्हणून हटकेल, तेच तिथे कौशल्य. फलंदाज तीनदा चुकला की गेला. माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता: टप्पा नाही, खेळपट्टी नाही, भेगा नाहीत, मग हळू टाकणारा जगतो कशावर?

भाच्याने एक नाव घेतलं: जेमी मॉयर. भाच्याचे बाबा सिअ‍ॅटलला गेले तेव्हा मॉयर तिथे होता, म्हणजे घरात ही दंतकथा बापाकडून आलेली. पेनसिल्व्हेनियाचा डावखुरा, जन्म 1962. वेग ऐंशी मैलांच्या आसपास, म्हणजे त्या व्यवसायात जवळजवळ विनोदच. 1986 साली शिकागो कब्जकडून पहिला सामना खेळला. 1992 मध्ये त्याच संघाने त्याला सोडलं आणि ‘आता प्रशिक्षक हो’ असं सुचवलं. तो झाला नाही. खालच्या स्तरावर खेळत राहिला, परत वर आला, आणि सिअ‍ॅटल मरिनर्सकडून 2001 मध्ये 20 सामने जिंकले, वय अडतीस. 2003 मध्ये 21. 2008 मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी फिलाडेल्फियाच्या विजेत्या संघात. मग कोपराची शस्त्रक्रिया, एक अख्खा मोसम घरी, आणि 17 एप्रिल 2012 ला कोलोरॅडोकडून सामना जिंकला तेव्हा तो 49 वर्षं 151 दिवसांचा होता. प्रमुख लीगमध्ये सामना जिंकणारा सगळ्यात वयस्क पिचर. एकूण 269 विजय, आठ संघ, पंचवीस मोसम.

“आणि 522 होमरन पण दिले,” भाचा म्हणाला. “तो रेकॉर्ड आहे. सर्वांत जास्त.”

ही गोष्ट मला फार आवडली. इतका मार खायला आधी इतकी वर्षं टिकावं लागतं.

रात्री मामासाहेबांना हे सगळं सांगितलं. ते उठले, कपाटातून एक लांबट, खाकी पुठ्ठ्याची हिशेबवही काढली आणि भाच्याच्या मांडीवर ठेवली. “हे पाहून घे.”

वही रेडिओवरच्या सामन्यांची. मामासाहेब तरुणपणी समालोचन ऐकत चेंडू न् चेंडू लिहायचे. पान उघडलं ते 12 जानेवारी 1964 चं. रविवार होता, मिलला सुट्टी, संक्रांत दोन दिवसांवर, आई तीळ भाजत होती आणि रेडिओवर मद्रासच्या कसोटीचा तिसरा दिवस. भारताच्या साडेचारशेवर धावा झालेल्या, बुधी कुंदरनच्या एकट्याच्या 192. इंग्लंडचे बोलस आणि बॅरिंग्टन फलंदाजीला. आणि एका टोकाकडून बापू नाडकर्णी.

पानावर काय होतं ते नीट सांगतो. ज्यांनी कधी धावपत्रक लिहिलं असेल त्यांना माहीत आहे, धाव नसलेल्या चेंडूला एक टिंब. षटकात सहाही टिंबं पडली की ती तीन-तीनच्या दोन ओळींत मांडून रेघेने जोडतात आणि त्याचा इंग्रजी ‘एम’ होतो: मेडन, निर्धाव. त्या पानावर फाउंटन पेनच्या निळ्या शाईत एम, त्याला लागून एम, खाली पुन्हा एम. सुरुवातीचे एम टोकदार, नेटके. दहाव्या-बाराव्या षटकानंतर रेघा जरा वाकड्या व्हायला लागल्या होत्या. सतराव्यापाशी शाईचा एक डाग. “तिथे आईने हाक मारली होती,” मामासाहेब म्हणाले. “मी म्हटलं, हलून राहत नाही इथून. बापू हलत नाहीत तर मी काय हलू?” भाच्याने बोटाने मोजले. एकवीस. लागोपाठ एकवीस निर्धाव षटकं, मागचेपुढचे चेंडू धरून सलग 131 चेंडू, एकही धाव नाही.

“हे तुमच्या देशातलं कुणी करून दाखवावं,” मामासाहेब म्हणाले. मग स्वतःच हसले, कारण अमेरिकेचं शून्याशी काय वैर असणार! पण ग्वाल्हेरकरांना अमेरिकेला चिमटा काढायचा एक जुना हक्क आहे. इथल्या क्रिकेटच्या मैदानाला नाव आहे कॅप्टन रूपसिंग यांचं, ध्यानचंदांच्या धाकट्या भावाचं. हॉकीपटू, शिंद्यांच्या लष्करात नोकरी. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला त्यांच्याच घरात भारताने 24–1 ने हरवलं, त्यातले दहा गोल रूपसिंगांचे. भाच्याने हे मुकाट्याने ऐकून घेतलं.

नाडकर्णी मूळ नाशिकचे, जन्म 1933. पूर्ण नाव रमेशचंद्र गंगाराम. डाव्या हाताने फलंदाजी, डाव्या हाताने संथ फिरकी. पण फिरकी म्हणावी इतका चेंडू फिरायचाही नाही, असं त्यांच्याच चाहत्यांनी म्हणून ठेवलंय. वेग नाही, मोठं वळण नाही. होता तो टप्पा. सरावात खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर चेंडू टाकत, असं सांगतात. 41 कसोटी, 88 बळी, दर षटकाला दोनही नाहीत इतक्या कमी धावा. आणि हरकाम्या म्हणाल तर तोही अव्वल. त्याच 1964 सालात बघा: जानेवारीत ती मद्रासची कंजुषी, फेब्रुवारीत त्याच इंग्लंडविरुद्ध कानपूरला नाबाद 52 आणि नाबाद 122, ऑक्टोबरात पुन्हा मद्रास, आता ऑस्ट्रेलिया, आणि सामन्यात अकरा बळी. रणजीत मुंबईकडून दिल्लीविरुद्ध नाबाद 283. ज्या माणसाच्या नावावर लोकांनी फक्त ‘एकवीस निर्धाव’ लिहून ठेवलं त्याने एवढं सगळं केलेलं आहे, हे मलाही त्या रात्री नव्याने कळलं.

“म्हणजे तेही स्टार्टर आणि रिलीव्हर दोन्ही?” भाच्याने विचारलं.

“अरे, आपल्या लोकांत हे जुनंच आहे,” म्हणत मामासाहेब सुरू झाले. पळवणकर बाळू, पुण्याच्या नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी करून करून तयार झालेला डावखुरा. अस्पृश्य म्हणून संघाबरोबर चहाला बसता येत नव्हतं आणि 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने 114 बळी घेतले. होळकर संघाचे हिरालाल गायकवाड, मध्यमगतीही टाकत आणि फिरकीही. वाट्याला कसोटी एकच आली, 1952 ची लखनौची. मुंबईचे पद्माकर शिवलकर, 589 प्रथम श्रेणी बळी आणि कसोटी एकही नाही. “शिवलकर गायचे पण,” मामासाहेब म्हणाले. ग्वाल्हेरमध्ये हे विशेष गुण धरून सांगितलं जातं. आम्ही परतल्यावर काही आठवड्यांनी, मार्चमध्ये, शिवलकर गेल्याची बातमी आली. भाच्याने तिकडून फक्त एक टिंब पाठवलं. त्याचा अर्थ मला कळला.

तिसऱ्या दिवशीचा किस्सा मैदानावरचा. शिंद्यांच्या छत्र्यांजवळ पोरं टेनिस बॉलने खेळत होती. मामासाहेब हट्टाने बरोबर आले, कट्ट्यावर मफलर आवळून बसले. भाच्याला ओव्हर मिळाली. त्याने पाय उचलला, हात मागे नेला, सोडला, आणि एकच गिल्ला: “अबे, फेंक रहा है ये!” दहा मिनिटं कायद्याचा कीस. मी मध्यस्थी करून सांगितलं की हा दुसऱ्या देशाचा खेळ आहे, टप्पा नाही, कॅचर उभा करा, तीन संधी. ग्वाल्हेरची पोरं दिलदार. त्यांनी आपला सगळ्यात दांडगा गडी पुढे केला. दंडावर ताईत, बॅट खांद्यावर गदेसारखी.

भाच्याने चेंडू कसा धरला ते मी जवळून पाहिलं. अंगठा आणि तर्जनी बाजूला जुळवून गोल केला, अगदी ‘छान’ म्हणताना करतो तसा, आणि चेंडू उरलेल्या तीन बोटांत, तळव्यात खोल. हात मात्र पूर्ण वेगाने फिरतो. बघणाऱ्याला वाटतं गोळी येणार. येतो कापसाचा बोळा. याला ते चेंज-अप म्हणतात. त्या बोटांच्या गोलाकडे बघताना मला आदल्या दिवशीची देवळातली भिंत आठवली. भाच्याला आठवली की नाही, विचारलं नाही.

दांडग्याने पहिला चेंडू यायच्या आधीच बॅट फिरवली. स्वतःभोवती गिरकी घेतली. हशा. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला दात आवळून तेच. मामासाहेब कट्ट्यावरून ओरडले, “समेच्या आधीच टाळी मारून राहिला!” ग्वाल्हेरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथल्या घराण्याचा विलंबित ख्याल ऐकताना नवखा माणूस नेमका असाच फसतो. लय ताणलेली असते, सम येणार येणार वाटत राहते, आणि तो मान आधीच देऊन मोकळा होतो. गवय्या आपला शांतपणे मागून येतो. साडेसाठ फुटांत हळू टाकणारा कशावर जगतो, या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला असं कट्ट्यावरून मिळालं. तो समोरच्याच्या घाईवर जगतो.

चौथ्यांदा मात्र दांडगा थांबला. डोळे बारीक केले, वाट पाहिली आणि चेंडू भिंतीपलीकडे पोचवला. भाचा हसला. “पाचशे बावीसपैकी एक,” म्हणाला.

जायच्या दिवशी सकाळी रूपसिंग मैदान पाहायला गेलो. आंतरराष्ट्रीय सामने आता शंकरपूरच्या नव्या मैदानावर. ऑक्टोबर 2024 मध्ये बांगलादेशविरुद्धची टी-20 तिथेच झाली. जुन्या मैदानावर सकाळची शांतता, कडेने चालणारे चारदोन ज्येष्ठ नागरिक. 24 फेब्रुवारी 2010 ला इथेच सचिनने एकदिवसीय सामन्यातलं पुरुषांचं पहिलं द्विशतक केलं, 147 चेंडूंत नाबाद 200. बाकी मराठी माणसांप्रमाणे मीही त्या जागी हात जोडले. पण भाच्याने मोबाइलवर त्या दिवसाचं धावपत्रक उघडलं आणि भलतीकडेच बोट ठेवलं. दक्षिण आफ्रिकेच्या ज्या चौघांनी पूर्ण दहा षटकं टाकली त्यांत स्टेनला 89 पडल्या, पार्नेलला 95, लँगेव्हेल्टला 70. सगळ्यात कमी 62, त्या रूलोफ व्हॅन डर मर्वला. डावखुरा, संथ फिरकी.

“वाचला,” भाचा म्हणाला.

वाचला, हे खरं. सामना मात्र 153 धावांनी गेला, हेही खरंच. आणि यावरूनच नाडकर्ण्यांबद्दल मामासाहेबांशी निघताना जरा वाजलंही. मी म्हटलं, एवढी एकवीस षटकं टाकून मिळालं काय? त्या डावाचा त्यांचा हिशेब 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा, आणि बळी शून्य. कसोटी अनिर्णित. त्या मालिकेतल्या पाचही कसोट्या अनिर्णित, मालिका 0–0. मामासाहेब जरा चिडले. “पाच धावा,” ते म्हणाले, “बत्तीस षटकांत पाच. बाकी तुम्ही पुणेकर हिशेब करत बसा.” मग शांत होऊन म्हणाले, दुसऱ्या डावात सहा षटकांत सहा धावा देऊन दोन बळी घेतले होते, ते पुढच्या पानावर आहे. होतेच. माझं मत विचाराल तर शून्य बळींचं ते पान त्या वहीतलं सर्वांत देखणं पान आहे, आणि नाडकर्ण्यांना ‘कंजूष’ म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांनी कानपूर आणि ऑक्टोबरची मद्रास आधी वाचावी.

ग्वाल्हेरला जाणार असाल तर महाल बघाच, गजक आणाच, पण चतुर्भुज मंदिरापाशी थांबा. आत अंधार असतो आणि शून्य फार लहान आहे. टॉर्च घेऊन जा.